लागलं की नाही

मॅजिक: द गॅदरिंग ह्या पत्त्यांच्या खेळाची स्पर्धा. टेबलावर दोन पत्ते होते आणि मधे मॅटची हिरवी रेघ. केसाएवढी असेल, पण होती. मी खुर्चीतून वाकून बघितलं तेव्हा मला दिसली आणि मी तोंड उघडणार इतक्यात समोरचे गृहस्थ त्यांच्या बाजूने वाकले, चष्मा कपाळावर चढवला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "लागलं." एवढंच. स्वतःचं जेमडे टोम नावाचं पान उचलून ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात ठेवलं आणि "हं, चालू दे" म्हणून मागे टेकले. मी गप्प. माझा केऑस ऑर्बही उचलला, म्हणजे जो वरून टाकायचा आणि ज्याला लागेल ते पान बाद करणारा पत्ता, कारण तो पडल्यावर स्वतःही जातोच, आणि टर्न पास केला. पुढे तो गेम मी जिंकले, मॅचही जिंकले. ह्याला आता सात-आठ महिने झाले. पत्ते पिसायला घेतले की अजून मला ती हिरवी रेघ दिसते.

स्पर्धा ओल्ड स्कूलची होती, म्हणजे 93/94. फक्त 1993 आणि 1994 सालात छापलेली मॅजिकची पानं. संच म्हणाल तर अल्फा, बीटा, अनलिमिटेड, अरेबियन नाइट्स, अँटिक्विटीज, लेजंड्स, द डार्क, बस्स. फॉलन एम्पायर्स पण 94 चाच आहे, पण तो धरायचा की नाही ह्यावर प्रत्येक मंडळाचं आपापलं मत. स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला ज्या मंडळींनी हा प्रकार रूढ केला त्यांनी तो बाहेर ठेवला, इटर्नल सेंट्रल नावाच्या दुसऱ्या मंडळींनी आत घेतला, आणि दोघंही आपल्या जागी ठाम आहेत. आमच्या संयोजकांनी एका पानाचे नियम छापले होते. एकच पान, दोन्ही बाजूंनी सुद्धा नाही. 60 पत्त्यांचा डेक, गेमच्या मधे बदलायला 15 चा साईडबोर्ड, पॉवर नाइन म्हणजे सगळ्यात ताकदवान नऊ पानांतलं प्रत्येक पान एकेकच, मॅना बर्न आहे (त्याबद्दल पुढे सांगते), राउंड 50 मिनिटांचा. आणि त्या पानावरचा सगळ्यात मोठा परिच्छेद, चार-पाच ओळींचा, एकट्या केऑस ऑर्बसाठी. किती उंचीवरून टाकायचा, हवेत किती फिरला पाहिजे, आधी कुठला पत्ता निवडायचा, अर्धवट लागला तर काय. टेबलाच्या कोपऱ्यावर एक बारा इंची फूटपट्टी पण ठेवलेली होती, कोणाला शंका आली तर उभी धरायला. मला ती फूटपट्टी बघून फार बरं वाटलं होतं. पत्त्यांच्या खेळात फूटपट्टी लागते ही गोष्टच किती सुंदर आहे.

आता त्या गेमचं नीट सांगते, कारण ऑर्बच्या आधी एक झालं होतं आणि ते नसतं झालं तर मला एवढं लागून राहिलं नसतं. तिसरा राउंड, एक-एक बरोबरी, तिसरा गेम. मी पांढरा-लाल डेक खेळत होते, ते निळा. पानं खेळायला मॅना मोजावा लागतो आणि तो देणारी पानं म्हणजे लँड. पाच लँड झाल्यावर मी सेरा एंजल टाकली. माझी सगळ्यात लाडकी, डग्लस शूलरचं ते चित्र मी लहानपणी वहीच्या मागे कितीतरी वेळा काढलंय. त्यांनी शांतपणे दोन निळी लँड टॅप केली, म्हणजे वापरली म्हणून आडवी वळवली, आणि मॅना ड्रेन टाकला. गेली एंजल. पण मॅना ड्रेन नुसता अडवत नाही, अडवलेल्या पानाची जेवढी किंमत तेवढा मॅना पुढच्या मेन फेजला, म्हणजे टर्नच्या पानं खेळायच्या भागात, तुम्हाला मिळतो, म्हणजे त्यांना पाच मिळणार. पुढची टर्न त्यांची. पाच मॅना आला, त्यातल्या चारमध्ये त्यांनी जेमडे टोम ठेवलं. एक उरला. हातात बहुतेक त्यात बसणारं काही नव्हतं. ते पुढे लँड टाकायला लागले, मी माझे पत्ते लावत होते, आणि त्यांनी मधेच पेन उचलून स्वतःच्या नावाखाली लाइफचे 17 खोडून 16 लिहिलं. सुरुवात 20 पासून, शून्य झाली की हरलात. मी विचारलं, "हे कशाचं?" तर म्हणाले, "बर्न. एक उरला ना."

मी विसरले होते. खरं म्हणजे मी तिथे असूनही नव्हते, माझं लक्ष गेलेल्या एंजलकडेच होतं.

मॅना बर्न म्हणजे काय हे नवीन खेळणाऱ्यांना पटकन पटत नाही. 2009 ला मॅजिक 2010 चे नियम आले तेव्हा तो काढून टाकला, त्यामुळे नंतर शिकलेल्या सगळ्यांसाठी उरलेला मॅना नुसता विरून जातो. पूर्वी तसं नव्हतं. फेज संपताना जेवढा मॅना वापरायचा राहिला तेवढी लाइफ तुमची कमी. घेतलंस तर खर्च कर, नाहीतर तो तुला भाजेल. मला हा नियम मनापासून आवडतो आणि ओल्ड स्कूलमध्ये बऱ्याच ठिकाणी गाभ्याचे नियम आजचेच ठेवून वर हा एक मुद्दाम परत आणलाय ते अगदी योग्य वाटतं. त्याशिवाय मॅना ड्रेनला काही बंधनच राहत नाही, समोरच्याचं पान अडव आणि वर फुकटचं घबाड मिळव. बर्न असला की अडवतानाच विचार करावा लागतो, की हे पाच मी पुढच्या टर्नला घालणार कुठे. पण ह्या नियमाची अडचण अशी आहे की तो ज्याच्या अंगावर येतो त्यालाच तो आधी कळतो. समोरच्याच्या हिशोबाकडे कोण बघतं? त्या गृहस्थांनी एक लाइफ कमी केली नसती तर त्या हॉलमध्ये एकालाही कळलं नसतं. मला तर नाहीच नाही.

मग पुढच्या चार-पाच टर्न टोमने माझा जीव काढला. दर टर्नला चार मॅना, एक जास्तीचा पत्ता. आपण एक ओढायचा, त्यांनी दोन. डाव हळूहळू आपल्या हातून सरकतोय हे दिसत असतं, काही भडक घडत नाही, नुसतं दिसत राहतं. शेवटी मी टोम नष्ट करायला डिसएनचँट टाकलं, ते त्यांनी काउंटर केलं म्हणजे अडवलं, पण त्यात त्यांची मोकळी निळी लँड संपली. आणि हातात ऑर्ब होता. दोन मॅना देऊन ठेवला, एक देऊन टॅप केला, म्हटलं "टोम." त्यांनी मान हलवली आणि टोमच्या आजूबाजूची लँड स्वतःच जरा लांब सरकवली, म्हणजे नंतर कुठला पत्ता लागला ह्यावर घोळ नको. हात वर. हाताला बारीक घाम होता. ऑर्ब बोटांतून सुटला, हवेत एकदा पूर्ण फिरला, बहुतेक दोनदा, मॅटवर टप्पकन पडला आणि टोमच्या दिशेने थोडा घसरला आणि थांबला.

आणि ती रेघ.

माझा ऑर्ब कलेक्टर्स एडिशनचा, म्हणजे संग्राहकांसाठीच्या आवृत्तीचा आहे, चौकोनी कोपऱ्यांचा, मागे सोनेरी अक्षरं. कुठे चालतो, कुठे चालत नाही, आमच्या त्या एका पानाच्या नियमात चालत होता. खरा अल्फाचा ऑर्ब मी आयुष्यात दोनदाच जवळून बघितलाय. अल्फाचं प्रत्येक रेअर पान अंदाजे 1,100 च छापलं गेलं, आणि ऑर्ब तर नंतर रिव्हाइज्ड ह्या पुढच्या आवृत्तीत आलाच नाही, पुढे 1996 मध्ये रिझर्व्ह्ड लिस्ट, म्हणजे परत न छापायच्या पानांची यादी झाली आणि परत छापला जायचा प्रश्नच मिटला. अल्फाचे कोपरे बाकीच्यांपेक्षा जास्त गोल आहेत, इतके की उघड्या डेकमध्ये अल्फाची दोन-चारच पानं असली तर पाठीमागूनही ओळखू येतात, म्हणून अपारदर्शक स्लीव्ह, म्हणजे पत्त्याची प्लास्टिकची पाकिटं, घालाव्याच लागतात. तर त्या दिवशी मी नंतर पुष्कळ विचार केला की कोपरा गोल असता तर, चौकोनी असता तर. पण काही अर्थ नाही त्याला. टेबलावर कागद कागदाला लागतच नाही. लागते ती स्लीव्ह. तीस वर्षांपूर्वीची दोन जुनी पानं आपापल्या प्लास्टिकमध्ये बसलेली असतात आणि आपण प्लास्टिक प्लास्टिकला टेकलं की नाही ते बघत असतो. स्लीव्ह म्हणजे पत्ताच धरायचा का, हे पण आमच्या त्या परिच्छेदात लिहिलेलं होतं. धरायचा.

मी हा खेळ माझ्या मावसभावाकडून शिकले. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. त्याच्याकडे रिव्हाइज्डची काही पानं होती, रबरबँड लावून ठेवलेली, स्लीव्ह वगैरे काही नाही, कडा पांढऱ्या पडलेल्या, आणि त्या पानांचा एक वास होता, जुन्या पुस्तकाचा असतो तसा पण जरा गोडसर. फरशीवर पालथं पडून खेळायचो. तो इंटरप्ट म्हणजे काय ते मला समजावून सांगायचा, मला काडीचंही कळायचं नाही, मी नुसती मान डोलवायची. टॅप केलेला ब्लॉकर, म्हणजे हल्ला अडवणारं पान, डॅमेज देत नाही, हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलंय की 1999 ला नियम बदलून तो देऊ लागला तरी मी कितीतरी वर्षं तसंच खेळत राहिले. आणि मुख्य म्हणजे त्याने केऑस ऑर्ब तयार केला होता. कुठेतरी त्याबद्दल वाचलं असणार, पान काही आमच्याकडे येणं शक्य नव्हतं. पुठ्ठा कापून, बॉलपेनने गोळा काढून, खाली बारीक अक्षरात नियम लिहून. त्याच्या आवृत्तीत मूळच्यासारखंच होतं, जेवढ्या पत्त्यांना लागेल तेवढे सगळे मेले. म्हणून आम्ही पत्ते एकमेकांपासून लांब लांब पसरायचो, अख्खी खोली भरायची, एक लँड दाराजवळ तर दुसरं पलंगाखाली. 93 सालातले खेळाडूसुद्धा ऑर्बच्या भीतीने पत्ते असेच पांगवून ठेवायचे हे मी खूप नंतर वाचलं आणि इतका आनंद झाला मला. कुणी न सांगता आम्ही त्याच उत्तरापर्यंत पोचलो होतो.

कुणीतरी स्पर्धेत ऑर्ब फाडून त्याचे तुकडे पत्त्यांवर उधळले अशी पण एक दंतकथा आहे, मॅजिकवाल्यांना सगळ्यांना माहीत असते. त्यावरून 1998 च्या अनग्लूड ह्या गमतीच्या संचात केऑस कॉन्फेटी नावाचं पानच काढलं, जे खरोखर फाडायचं. दादाने मला ती गोष्ट सांगितल्यावर मी आमचा पुठ्ठ्याचा ऑर्ब फाडायला निघाले होते. त्याने हात धरला. म्हणाला, पत्त्यावर जे लिहिलंय तेवढंच करायचं, मनाने काही घालायचं नाही.

पण तोच दादा, मी ऑर्ब टाकला आणि तो वीतभर लांब पडला तरी म्हणायचा, "लागलं गं, लागलं." स्वतःचा पत्ता उचलून ठेवून द्यायचा. मी लिंबूटिंबू होते ना. सुरुवातीला मला खूप भारी वाटायचं. मग एकदा, मी दहा-अकरा वर्षांची असेन, मला स्पष्ट दिसलं की लागलेलं नाही आणि त्यालाही दिसलंय आणि तरी तो म्हणतोय लागलं. आणि मला एकदम रडू आलं. मी पत्ते फेकले आणि उठून गेले. त्याला काही समजलंच नाही, तो सारखा विचारत राहिला की तूच तर जिंकलीस ना, मग काय झालं. रडीचा डाव खडी असं घरात सगळे चिडवत होते मला, पण मी हरले म्हणून रडत नव्हते. मला कोणीतरी खेळात धरलेलंच नाही म्हणून रडत होते. हे तेव्हा सांगता आलं नाही.

मग त्या दिवशी हॉलमध्ये समोरच्याने "लागलं" म्हटल्यावर माझ्या पोटात जे हललं ते काय होतं? आधी वाटलं, सुटलो. मग लगेच वाटलं, हे मला सोडून देतायत का? लिंबूटिंबू समजून? ते माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे असावेत, मॅचच्या आधी बोलताना सांगितलं होतं की रिव्हाइज्ड दुकानात ताजं ताजं मिळायचं तेव्हापासून खेळतायत. पण तसं नसणार. ज्या माणसाने कोणी न विचारता स्वतःचा एक बर्न लिहिला तो ऑर्बच्या बाबतीत उगीच मोठेपणा दाखवणार नाही. त्यांना त्यांच्या बाजूने खरंच लागलेलं दिसलं असणार. म्हणजे ते प्रामाणिक होते, आणि खोटी मी होते. हे इतकं सरळ आहे की त्यात फिरवण्यासारखं काहीच नाही, तरी मी कितीतरी रात्री ते फिरवत बसले.

कारण नियम काय सांगतो? अधिकृत स्पर्धांच्या नियमात तर उघड आहे, चूक दिसली की ती दाखवायची, ती आपल्या फायद्याची असली तरी, आणि शंका असेल तर जजला बोलवायचं. आमच्या एका पानात एवढं सविस्तर नव्हतं, पण शेवटची ओळ होती की वाद असेल तर दोघांनी मिळून ठरवा, नाही ठरलं तर आम्हाला हाक मारा. दोघांनी मिळून. इथे तर वादच झाला नाही. एकाने सांगितलं आणि दुसरीने मान्य केलं. कागदावर बघितलं तर सगळं नियमात बसतं आणि मला नेमकं तेच सहन होत नाही.

मॅजिकच्या सुरुवातीच्या नियमांबद्दल मी जेवढं वाचत जाते तेवढं मला वाटतं की खेळ बनवणाऱ्या रिचर्ड गारफिल्डने माणसांवर फार विश्वास टाकला होता. पहिल्या नियमांत 40 पत्त्यांचा डेक, आणि एकाच पानाच्या कितीही प्रती ठेवा. त्याला वाटलं होतं लोक थोडीशीच पाकिटं घेतील, दुर्मिळ पानं आपोआप दुर्मिळच राहतील. लोकांनी धडाधड पाकिटं घेतली, आणि 1994 च्या जानेवारीतच 60 पत्ते, चारच प्रती आणि बंदी किंवा मर्यादा घातलेल्या पानांची पहिली यादी आणावी लागली. तसंच ॲन्टीचं. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपल्या डेकमधलं एक पान पणाला लावायचं, जिंकेल तो दोन्ही घेणार, ते सुद्धा कायमचं. अशी ॲन्टीवर चालणारी नऊ पानं छापली गेली आणि ती सगळी आज स्पर्धांमधून बाद आहेत. बाद आहेत ते बरंच आहे, मला कोणी माझी सेरा एंजल पणाला लावायला सांगितली तर मी खेळणार नाही. पण त्यामागे एक कल्पना होती की पानं ह्या हातातून त्या हातात फिरत राहतील, कोणाकडे साचून बसणार नाहीत, आणि आता तीच पानं काचेत बंद आहेत हे बघून त्या कल्पनेबद्दल मला उगाच हळहळ वाटते.

आणि शब्द. टाइम वॉकची गोष्ट मला सगळ्यात आवडते. चाचणीच्या काळात त्या पानावर इंग्रजीत असं लिहिलं होतं की "समोरचा पुढची टर्न लूज करतो", आता लूज म्हणजे गमावणं पण आणि हरणं पण, तर एका खेळणाऱ्याने समजून घेतलं की हे पान टाकलं की पुढच्या टर्नला समोरचा डावच हरतो. त्याचंही बरोबरच होतं की, पानावर तसंच वाचता येत होतं. तसा "लागलं" हा शब्द. स्पर्श म्हणजे काय? वरून बघितल्यावर मधे रेघ दिसत नाही तो स्पर्श, की कागदाचा कपटा मधून सरकत नाही तो? त्या चार-पाच ओळींत उंची होती, गिरकी होती, स्लीव्ह होती, पण कुठल्या बाजूने बघायचं ते नव्हतं. स्लीव्हची कड मॅटपासून किंचित उचललेली असते. माझ्या बाजूने तिच्याखालून मॅट दिसत असेल आणि त्यांच्या बाजूने तीच कड टोमवर टेकलेली दिसत असेल. दोघंही खरं बोलू शकतात. पण मी बोललेच नव्हते, प्रश्न तिथे आहे.

अधिकृत स्पर्धांनी हे सगळं नव्वदच्या दशकातच मिटवून टाकलं, ऑर्ब बॅन. लेजंड्समधलं फॉलिंग स्टार पण, तेही टाकायचं पान. बरोबर आहे, हजारो लोक खेळतात तिथे प्रत्येक टेबलावर फूटपट्टी घेऊन कोण उभं राहणार. शहराझाद पण 2007 ला बॅन झालं, ते टाकलं की चालू डाव तसाच ठेवून उरलेल्या पत्त्यांनी आत दुसरा डाव मांडायचा, आणि तो जो हरेल त्याची बाहेरच्या डावातली लाइफ अर्धी. 50 मिनिटांच्या राउंडमध्ये हे बसणार कुठे. मला पटतं ते. तरी मी मोठ्या स्पर्धांपेक्षा ओल्ड स्कूलकडे वळले ती ह्याच पानांसाठी, जिथे पान वाचून संपत नाही आणि समोर बसलेल्या माणसाकडे बघावंच लागतं. गोथेनबर्गच्या त्या मूळ स्पर्धेत, नूबकॉनमध्ये, जिंकणाऱ्याला काय मिळतं तर एक जायंट शार्क. द डार्कमधलं अगदी साधं पान, कुणाच्या डेकमध्ये नसतं, पण त्यावर आलेल्या सगळ्या खेळाडूंच्या सह्या असतात. मला त्या सह्यांचा विचार करायला आवडतं. मागच्या बाकावर शेवटून पहिला आलेल्याची पण सही त्यावर आहे. आणि लगेच मला वाटतं, असा शार्क मला मिळाला असता तर त्या गृहस्थांच्या सहीवरून माझी नजर पुढे सरकली असती का.

अजून एक राहिलं, मी टाळत होते. तो गेम मी कसा जिंकला. टोम गेल्यावर त्यांचा ओघ थांबला, माझे सव्हाना लायन्स दोन-तीन वेळा आत घुसले, आणि शेवटी ते 3 लाइफवर असताना माझ्या हातात लाइटनिंग बोल्ट आला. बोल्ट 3 च डॅमेज देतो. त्यांनी तो बर्न लिहिला नसता तर ते 4 वर असते. मला हे तिथेच, बोल्ट ठेवताना कळलं. कागदावर वरून खाली आकडे दिसत होते, 20, मग ते खोडलेलं 17 आणि शेजारी 16, आणि त्याखाली बाकीचे. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला एक, आणि स्वतःच्या तोंडाने दिलेलं टोम. त्यांनी हात पुढे केला, "छान खेळलीस." मी पण हात मिळवला.

चौथा राउंड मी हरले, कोणाशी ते आठवत पण नाही. मग मी त्यांना शोधत गेले. ते खिडकीजवळ एकटेच पत्ते लावत बसले होते, स्लीव्हमधून एकेक पान काढून मऊ फडक्यावर ठेवत. मी समोर बसले आणि सांगून टाकलं, की त्या ऑर्बला मला फट दिसली होती आणि मी बोलले नाही. एका दमात. मला वाटलं होतं ते एकतर रागावतील किंवा "अगं असू दे" म्हणतील, आणि दोन्हीची मला भीती होती, "असू दे"ची जास्त. दोन्ही नाही केलं त्यांनी. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग डबीतून टोम काढलं, परत स्लीव्हमध्ये घातलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ऑर्ब दे. कुठे होती फट?"

मी ऑर्ब ठेवला. असा नव्हता, जरा तिरका होता. परत ठेवला. ते त्यांच्या बाजूने वाकले, "नाही, हा कोपरा इकडे होता, मला लागलेला दिसला तो हा." मी सरकवला. मग मी वाकले. मला फट दिसली, पण आता मीच ठेवलेली. त्यांनी ठेवून बघितला, मला लागलेला दिसला. मग म्हणाले बाजू बदलूया, मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि ते माझ्या. तिथून उजेड वेगळा होता, खिडकीचा, स्लीव्हवर चमक यायची आणि कड कुठे संपते तेच कळत नव्हतं. टेबलही ते नव्हतं, मॅट पण नव्हता, त्याखाली हिरवं काही नव्हतंच. दहा-बारा वेळा केलं आम्ही. तीनही पानं मार्क टेडिनची आहेत हे त्यांनी मधेच सांगितलं, ऑर्ब, टोम आणि तो मॅना ड्रेन, तिन्ही चित्रं एकाच माणसाच्या हातची, आणि मी म्हटलं हो की, आणि दोघंही थोडा वेळ नुसती चित्रंच बघत बसलो. फट आता मला खात्रीने सांगता येत नव्हती. तेव्हा दिसली होती एवढं नक्की. होती का ते मात्र मला आज विचाराल तर मी शपथेवर सांगू शकणार नाही, आणि त्यामुळे सुटका झाली असंही नाही, कारण मला ज्या क्षणी दिसली त्या क्षणी मी गप्प बसले ते तसंच आहे.

पाचव्या राउंडच्या जोड्या लागल्याची हाक आली. त्यांनी टोम डेकमध्ये घातलं, डेक पिसला, माझ्यासमोर कापायला धरला, सवयीनेच, आम्ही काही एकमेकांशी खेळणार नव्हतो. मी कापला.

"पुढच्या वेळी," ते उठताना म्हणाले, "मी लागलं म्हटलं तरी तू इकडे येऊन बघ. मी तिकडे येतो."